टँगो शिकायचा आहे, पण धीर होत नाही: पहिल्या वर्गापासून पहिल्या मिलोंगापर्यंत

टँगो हा जोडीने नाचायचा नाच शिकावासा वाटतो, पण वर्गाच्या दारापर्यंत पाऊल जात नाही, असे सांगणारी माणसे मला नेहमी भेटतात. कोणाला वाटते की आपल्या अंगात मुळात ताल नाही, कोणाला परक्या व्यक्तीच्या इतक्या जवळ उभे राहण्याची कल्पनाच अवघड वाटते, आणि चारचौघांत फजिती होईल ही धास्ती तर जवळपास सगळ्यांनाच असते. या भीती खऱ्या आहेत आणि ‘बिनधास्त जा’ एवढे सांगून त्या जात नाहीत. मात्र अर्जेन्टिनाची राजधानी असलेल्या ब्युनोस आयर्सच्या नृत्यसभांमध्ये या नाचाभोवती जे शिष्टाचार रुळले, त्यांनी संकोची माणसाची फार मोठी सोय करून ठेवली आहे. नाचासाठी कसे विचारायचे, नकार कसा द्यायचा, एका जोडीदाराबरोबर किती वेळ नाचायचे आणि कधी थांबायचे, हे सगळे तिथे ठरलेले असते. त्यामुळे स्वभाव धीट असावा लागतो असे मला वाटत नाही. पुढे काय घडणार आहे हे आधी ठाऊक असले, की निम्मी धडधड तिथेच कमी होते, आणि हा लेख त्यासाठीच लिहिला आहे.

कोणता टँगो शिकायचा, हे आधी ठरवा

चित्रपटांत आणि रंगमंचावर दिसणारा टँगो, म्हणजे हवेत झुगारलेले पाय, मागे झुकवलेली जोडीदारीण आणि वेगाने घेतलेल्या गिरक्या, हा प्रेक्षकांसाठी महिनोन् महिने तालीम करून बसवलेला प्रकार असतो. १९८३ साली पॅरिसमध्ये सादर झालेला आणि १९८५ साली ब्रॉडवेवर पोहोचलेला ‘तांगो आर्हेंतिनो’ हा कार्यक्रम गाजला, आणि त्यानंतर अनेक देशांत लोक पुन्हा टँगोकडे वळले. पण त्याबरोबरच टँगो म्हणजे कसरत, हा समजही दूरवर पसरला. दुसरा प्रकार बॉलरूम स्पर्धांमधला. त्यात मानेला झटका देण्याची लकब असते आणि हालचालींचे साचे ठरलेले असतात. तिसरा प्रकार सभागृहात सर्वसामान्य माणसे एकमेकांसाठी नाचतात तो. त्यात पावले जमिनीलगत राहतात, काहीही पाठ केलेले नसते, आणि पुढचे पाऊल कोणते हे त्या क्षणी दोघांत ठरते. हा लेख या तिसऱ्या प्रकाराविषयी आहे. आपल्याकडच्या शहरांत काही नृत्यसंस्था ‘टँगो’ या नावाखाली बॉलरूमचा प्रकार शिकवतात. त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी ‘आर्जेन्टाइन टँगो शिकवता का, आणि तुमचे विद्यार्थी मिलोंगाला जातात का,’ असे स्पष्ट विचारावे. मिलोंगा म्हणजे टँगोची नृत्यसभा. याच नावाचा एक जलद लयीचा नाचही आहे, त्यामुळे सुरुवातीला थोडा गोंधळ होऊ शकतो.

ज्यांना आपल्या अंगात नाच नाही असे वाटते, त्यांनी या नाचाचा इतिहास थोडा तरी जाणून घ्यावा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रिओ दे ला प्लाता या नदीमुखाच्या दोन्ही काठांवर, ब्युनोस आयर्स आणि मोन्तेव्हिदेओ या शहरांच्या गरीब वस्त्यांत, इटली-स्पेनमधून आलेले स्थलांतरित, आफ्रिकी वंशाचे लोक आणि स्थानिक कष्टकरी यांच्यातून टँगो आकाराला आला. २००९ साली युनेस्कोने त्याची अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली, तीही अर्जेन्टिना आणि उरुग्वे या दोन्ही देशांच्या नावावर. जुन्या पिढीतल्या नर्तकांच्या आठवणींत एक गोष्ट वारंवार येते: तरुण मुले थेट नृत्यसभेत जात नसत. ती आधी इतर मुलांबरोबर सराव करत, सुरुवातीला मागे जाणाऱ्या जोडीदाराची भूमिका शिकत, आणि मोठ्यांना पसंत पडेल इतके जमले की मगच मिलोंगात पाऊल टाकत. ज्यांच्या नाचाकडे आज आपण थक्क होऊन पाहतो, त्यांनीही ओळखीच्या, सुरक्षित जागी चुका करून घेतल्या होत्या. आपल्यालाही तशीच जागा शोधायची आहे.

घरच्या घरी करायची तयारी

पहिल्या वर्गापूर्वी काही दिवस फक्त संगीत ऐकावे. साधारण १९३५ ते १९५५ हा टँगोचा सुवर्णकाळ मानला जातो आणि आजही मिलोंगांत प्रामुख्याने त्याच काळातल्या वाद्यवृंदांची ध्वनिमुद्रणे वाजतात. सुरुवात कार्लोस दी सार्ली याच्या वाद्यवृंदापासून करावी असे मी आवर्जून सांगेन, कारण त्याची लय संथ आणि स्पष्ट आहे, आणि चालण्यासाठी तिच्याइतकी सोयीची लय दुसरी क्वचितच सापडेल. त्यानंतर हुआन दारिएन्सो ऐकावा, ज्याच्या ठसकेबाज, तुटक ठेक्यामुळे त्याला ‘ठेक्याचा राजा’ म्हणत. आनिबाल त्रोइलो आणि ओस्वाल्दो पुग्लिएसे हे दोघे थोर खरे, पण त्यांच्या संगीतातले चढउतार आणि विराम नवख्याला चकवतात. ते थोडे मागाहून ऐकले तरी चालेल. आस्तोर पियाझोलाचे नाव अनेकांना माहीत असते, परंतु त्याचे बरेचसे संगीत मुख्यतः ऐकण्यासाठी आहे आणि पारंपरिक मिलोंगात ते फारसे वाजत नाही. त्यामुळे पियाझोला ऐकून ‘यावर नाचायचे कसे’ या विचाराने घाबरून जाऊ नये.

संगीत कानात बसले की चालण्याकडे वळावे. टँगोचा पाया म्हणजे चालणे, आणि तेही एका वेळी एकाच पायावर पूर्ण भार देऊन चालणे. भिंतीजवळ अनवाणी उभे राहा, गरज पडली तर बोटे भिंतीला टेकवा, आणि संपूर्ण वजन उजव्या पायावर न्या. डावा पाय जमिनीला टेकलेला असला तरी तो सहज उचलता आला पाहिजे. मग घाई न करता वजन डावीकडे आणा. आपण रोज चालतो तेव्हा वजन बहुतेक वेळा दोन पायांच्या मध्ये कुठेतरी रेंगाळते, हे या व्यायामात पहिल्यांदा लक्षात येते. टँगोत जोडीदाराला आपले छातीचे स्थान आणि आपण कोणत्या पायावर उभे आहोत एवढेच कळत असते. ते अस्पष्ट राहिले, की दोघेही एकमेकांच्या पायावर पाय देतात. वजन बदलणे जमू लागले, की खोलीत किंवा गच्चीवर दी सार्ली लावून जोरकस ठोक्यावर एकेक पाऊल टाकत पुढे चालावे आणि मग तसेच मागेही यावे. साधारण सेकंदाला एक पाऊल, एवढीच ती गती असते. मध्येच थांबून एक-दोन ठोके सोडून द्यावेत आणि पुन्हा सुरू करावे. थांबणे हाही नाचाचाच भाग आहे, आणि गोंधळ झाल्यावर शांतपणे थांबता येणे हे नवशिक्याला पुढे फार उपयोगी पडते.

वर्ग निवडताना

पुणे, मुंबई, बंगळूर, दिल्ली या शहरांत टँगो शिकणारी मंडळी आहेत. समूह लहान असतात आणि त्यामुळे नवा माणूस आला की त्याची दखल घेतली जाते. परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांना तर युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांत वर्ग सापडतील. वर्ग निवडण्यापूर्वी शक्य असल्यास एकदा जाऊन नुसते बसून पाहावे. शिक्षक नवख्या माणसाला सर्वांसमोर उभे करून दुरुस्त करतात, की जवळ येऊन हळू आवाजात सांगतात, याकडे लक्ष द्यावे. पहिल्याच दिवशी आकर्षक आकृत्या शिकवण्याचा उत्साह दिसला तर मी तिथे जाणार नाही. चालणे, वजन आणि उभे राहणे यांवर वेळ घालवणारा वर्ग सुरुवातीला कंटाळवाणा वाटला तरी तोच लवकर आत्मविश्वास देतो. संपूर्ण सत्राचे शुल्क भरण्याआधी एकाच वर्गाचे पैसे देऊन पाहण्याची सोय आहे का, हेही विचारावे.

दोन प्रश्न आधीच विचारून घेतले तर पुढचा ताण वाचतो. पहिला, जोडीदाराशिवाय आले तर चालते का, आणि वर्गात जोड्या फिरवल्या जातात का, म्हणजे जोडीदार बदलत राहतात का. बहुतेक ठिकाणी फिरवल्या जातात, आणि एकट्याने येणाऱ्यासाठी तेच चांगले असते. नवराबायको किंवा मित्रमैत्रीण एकत्र जाणार असतील, तर जोड्या फिरणार आहेत याविषयी घरी आधी मोकळेपणाने बोलून घ्यावे, कारण वर्गात ऐन वेळी चेहऱ्यावर उमटलेली नाराजी दोघांनाही परतीच्या वाटेवर त्रास देते. दुसरा प्रश्न चित्रीकरणाचा. वर्गाच्या शेवटी शिक्षक त्या दिवशीचा धडा करून दाखवतात आणि तो मोबाइलवर टिपला जातो. पण विद्यार्थ्यांचेही व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकण्याची पद्धत काही ठिकाणी असते. आपला चेहरा तिथे यायला नको असेल तर ते पहिल्याच दिवशी आयोजकांना सांगावे. नातेवाइकांच्या गटात आपला व्हिडिओ फिरेल ही भीती आपल्याकडे अगदी वास्तव आहे आणि ती बोलून दाखवण्यात कमीपणा नाही.

पहिल्या दिवशी काय घालावे, काय टाळावे

गुडघा आणि खांदा सहज हलेल असे कोणतेही स्वच्छ कपडे चालतात. बुटांचा विचार मात्र करावा. रबरी तळवा जमिनीला चिकटतो आणि पायाच्या चवड्यावर वळताना सगळा पीळ गुडघ्यावर येतो. चामड्याच्या तळव्याचे जुने बूट असतील तर ते उत्तम, नसतील तर लाकडी जमिनीवर बुटांवरून जुने सुती मोजे चढवूनही काम भागते. मात्र गुळगुळीत संगमरवरी फरशीवर तसे करू नये, पाय सटकतो. नाचाचे खास बूट महिना-दोन महिने टिकून राहिल्यावरच घ्यावेत, आणि उंच टाचांची तर सुरुवातीला गरजच नाही. खिशातला मोबाइल, किल्ल्या, पेन, मोठे बक्कल आणि टोचणारे दागिने बाजूला काढून ठेवावेत. मुंबई-कोकणच्या दमट हवेत एक जादा सदरा आणि छोटा टॉवेल जवळ असावा. उग्र अत्तरापेक्षा अंघोळ करून येणे आणि पुदिन्याची गोळी तोंडात टाकणे, हेच जोडीदाराला जास्त आवडते.

आलिंगनाचा संकोच

या टप्प्यावर बरेच जण अडतात, आणि ते स्वाभाविक आहे. गोव्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांत लग्नसमारंभात जोडीने नाचण्याची सवय असते. पण महाराष्ट्रात लेझीम, फुगडी, गरबा यांत आपण नाचलो तरी एकमेकांना कवेत घेऊन नाचण्याचा प्रसंग आपल्यावर आलेला नसतो. टँगोत आलिंगनाचे साधारण दोन प्रकार आहेत. एकात दोघांमध्ये वीतभर किंवा त्याहून अधिक अंतर असते आणि हातांतून संवाद होतो. दुसऱ्यात छातीला छाती टेकते. नवशिक्यांना बहुतेक शिक्षक पहिल्या प्रकारानेच शिकवतात, आणि दुसऱ्याची घाई करायचे काहीही कारण नाही. किती जवळ यायचे, हे दोघांपैकी ज्याला अधिक अंतर हवे असेल त्याने ठरवायचे असते. ‘मला थोडे अंतर ठेवून नाचायला आवडेल,’ एवढे एक वाक्य घरी आरशासमोर म्हणून पाहावे. तोंडात बसलेले वाक्य ऐन वेळी अडखळत नाही.

आलिंगन घेण्याची रीतही शिकण्यासारखी आहे. समोर उभे राहून आधी दोघांनी स्थिर व्हावे, पुढे नेणाऱ्याने, म्हणजे पाऊल सुचवणाऱ्याने, डावा हात तळवा उघडा ठेवून खांद्याच्या उंचीच्या आसपास धरावा, जोडीदाराने त्यात आपला उजवा हात ठेवावा, आणि मग नेणाऱ्याचा उजवा हात सावकाश पाठीच्या वरच्या भागावर, खांद्याच्या पात्याजवळ यावा. दाबायचे नाही, ओढायचे नाही. नजर जमिनीवर खिळवली की कंबर मागे जाते आणि दोघांचा तोल बिघडतो, म्हणून डोळे समोर ठेवावेत. नंतर एक-दोन श्वास काहीही न करता उभे राहावे आणि समोरच्याचे वजन कोणत्या पायावर आहे, ते जाणवते का पाहावे. नाच इथूनच सुरू झालेला असतो. ज्यांना सुरुवातीला हात थरथरण्याची लाज वाटते त्यांनी लक्षात घ्यावे, की समोरची व्यक्तीही त्याच क्षणी आपल्या पायांकडे मन लावून उभी असते.

स्पर्श नकोसा वाटेल अशा ठिकाणी हात सरकला, किंवा जोडीदार मुद्दाम जवळ ओढत राहिला, तर गाण्याच्या मध्येच थांबून बाजूला होण्याचा पूर्ण हक्क आपल्याला आहे. नंतर ते शिक्षकांना किंवा आयोजकांना सांगावे. तक्रार ऐकून न घेणारा वर्ग सोडून दुसरा शोधावा.

नेण्याची भूमिका घ्यावी की अनुसरण्याची, हा प्रश्न पूर्वी लिंगावरून ठरत असे. आता अनेक ठिकाणी स्त्रिया नेतात, पुरुष अनुसरतात आणि पुष्कळ जण दोन्ही शिकतात. नेणाऱ्याने पाऊल सुचवून जोडीदार पोहोचेपर्यंत थांबायचे असते. अनुसरणाऱ्याने पुढचे पाऊल ओळखून आधीच टाकायचे नसते. सूचना कळेपर्यंत स्थिर राहणे हेच त्या भूमिकेतले कौशल्य आहे. शक्य असेल तर दुसरी भूमिका थोडी तरी करून पाहावी. समोरच्याचे काम किती अवघड आहे हे कळले, की स्वतःवरचा आणि त्याच्यावरचा राग दोन्ही ओसरतात.

सरावसभा

वर्ग आणि मिलोंगा यांच्या मधली पायरी म्हणजे प्राक्तिका. इथे गाणी चालू असतात, पण थांबून बोलता येते, तीच हालचाल पुन्हा पुन्हा करता येते आणि कोणालाही सल्ला विचारता येतो. वर्गात शिकलेल्या मागेपुढे वळणाऱ्या ‘ओचो’ पावलांपैकी एकच गोष्ट घेऊन संध्याकाळभर तेवढीच करावी. जमलेली एक गोष्ट मिलोंगात अर्धवट आठवणाऱ्या दहा आकृत्यांपेक्षा जास्त कामाला येते.

पहिली मिलोंगा

पहिल्या खेपेला फक्त पाहायला जावे आणि तसे स्वतःला आधीच सांगून ठेवावे. न नाचता बसलेल्या माणसाकडे तिथे कोणी चमत्कारिक नजरेने पाहत नाही, कारण अनुभवी नर्तकही बराच वेळ बसून असतात. संगीत तांद्यांमध्ये वाजते. एक तांदा म्हणजे एकाच वाद्यवृंदाची, शक्यतो एकाच काळातली तीन किंवा चार गाणी, म्हणजे साधारण दहा-बारा मिनिटे. दोन तांद्यांच्या मध्ये टँगोशी संबंध नसलेल्या संगीताचा छोटा तुकडा वाजतो, त्याला कोर्तिना म्हणतात. तो सुरू झाला की सगळे जमीन रिकामी करून जागेवर परततात. ज्याला परक्या माणसाबरोबर अडकून पडण्याची धास्ती आहे, त्याच्यासाठी ही व्यवस्था फार दिलासा देणारी आहे, कारण सुटका कधी होणार हे दोघांनाही ठाऊक असते.

निमंत्रण नजरेने दिले जाते. एका बाजूने पाहायचे, समोरून नजर मिळाली आणि थांबली तर मान किंचित हलवायची, तिकडूनही मान हलली की ठरले. या मान हलवण्याला काबेसेओ म्हणतात. नको असेल तर नजर दुसरीकडे वळवायची. विचारायला कोणी कोणाच्या टेबलाशी जात नाही, तोंडाने विचारत नाही, त्यामुळे नकार मिळाला तरी तो तिसऱ्याला कळतही नाही. मराठी माणसाला थेट डोळ्यांत पाहणे सुरुवातीला उद्धटपणाचे वाटते, म्हणून हा भाग सरावसभेत ओळखीच्यांबरोबर करून पाहावा. एक सावधगिरी महत्त्वाची आहे: मान हलली तरी निमंत्रण स्वीकारणाऱ्याने बसूनच राहावे आणि निमंत्रण देणारा नजर न काढता अगदी समोर येऊन उभा राहिला की मगच उठावे. ते निमंत्रण मागच्या खुर्चीवरच्या व्यक्तीसाठी असण्याची शक्यता असते आणि बसून राहिल्याने दोघांचीही पंचाईत टळते. आपल्याकडच्या लहान समूहांत तोंडी विचारण्याची पद्धतही चालते. तिथे ‘आता थोडी विश्रांती घेते’ एवढे म्हणणे पुरेसे असते.

जोड्या घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सभागृहाभोवती फिरतात. मध्येच जमिनीवर उतरायचे असेल तर नेणाऱ्याने येणाऱ्या जोडीतल्या नेणाऱ्याशी नजर मिळवून त्याची संमती घ्यावी. पुढच्या जोडीच्या जवळ जाऊन धडकू नये, मागे मोठे पाऊल टाकू नये, आणि धक्का लागलाच तर मान हलवून दिलगिरी व्यक्त करावी व पुढे चालावे. जोडीदाराला नाचताना शिकवणे हा मिलोंगातला मोठा असभ्यपणा समजला जातो, तेव्हा आपल्याला कोणी असे शिकवू लागले तर चूक आपली नाही, हे पक्के लक्षात ठेवावे.

एक शब्द जपून वापरावा. पहिल्या गाण्यानंतर सौजन्य म्हणून ‘धन्यवाद’, ‘थँक यू’ किंवा ‘ग्रासियास’ म्हटले, तर त्याचा अर्थ ‘मला पुढे नाचायचे नाही’ असा घेतला जातो. आभार तांदा संपल्यावरच मानावेत. दोन गाण्यांच्या मध्ये हवापाण्याविषयी चार शब्द बोलावेत. पुढचे गाणे सुरू झाल्यावरही काही क्षण लोक बोलतच उभे असतात, तेव्हा घाईने आलिंगन घ्यायची गरज नाही. खरोखर थांबायचे असेल, तर हाच शब्द आपल्या मदतीला असतो.

नाचायला उतरण्याच्या पहिल्या संध्याकाळी एकच तांदा, ओळखीच्या जोडीदाराबरोबर आणि ओळखीच्या वाद्यवृंदावर, एवढेच ठरवावे. गर्दी कमी असताना, म्हणजे सभा नुकतीच सुरू झालेली असताना, हे सोपे जाते. कोणी निमंत्रण दिले नाही तर लगेच खचून जाऊ नये. नव्या चेहऱ्याला नाचताना कोणी पाहिलेलेच नसते, म्हणून लोक थांबतात. पुन्हा पुन्हा त्याच जागी दिसू लागल्यावर परिस्थिती हळूहळू बदलते. शेवटचे गाणे बहुधा ‘ला कुंपारसिता’ असते. ते सुरू झाले की सभा संपत आली, असे समजावे.

पुढे कधी ब्युनोस आयर्सला जाणे झाले, तर नवख्याने पालेर्मो भागातल्या ला विरुतासारख्या ठिकाणापासून सुरुवात करावी, जिथे नृत्यसभेआधी वर्ग असतात, किंवा बेल्ग्रानो भागातल्या बागेतल्या ला ग्लोरिएता या खुल्या चौथऱ्यावर, जिथे वातावरण अनौपचारिक असते. पारंपरिक मिलोंगात यजमान जागा ठरवून देतात, काही ठिकाणी स्त्रिया आणि पुरुष समोरासमोर वेगळे बसतात, आणि एकत्र बसलेल्या जोडप्यातल्या कोणाला बाहेरचे सहसा निमंत्रण देत नाहीत. आपल्याला इतरांबरोबरही नाचायचे असेल, तर दाराशीच यजमानांना तसे सांगून वेगळ्या जागा मागून घ्याव्यात.